शब्दचर्चा : रग्बीतला ‘ट्राय’ मराठीत कसा लिहावा?

प्रश्न : रेजिनाल्ड बर्केट या आरंभीच्या रग्बीपटूची ओळख मराठीत करून देताना ‘इंग्लंडतर्फे पहिला प्रयत्न त्याने केला’ हे वाक्य योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते ठरणार नाही. ‘प्रयत्न केला’ म्हटले की तो बहुधा फसला असावा असे मराठी वाचक गृहीत धरतो. बर्केटने मात्र चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे प्रत्यक्ष टेकवला होता. तरीही या संज्ञेचे मूळ प्रयत्नातच आहे, हे विसरून चालणार नाही. 27 मार्च 1871 रोजी एडिंबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला. प्रत्येक बाजूला वीस खेळाडू होते आणि निकाल केवळ गोलांवर ठरत असे. रेषेपलीकडे चेंडू टेकवणाऱ्या संघाला गोलवर लाथ मारून पाहण्याची संधी मिळे, आणि त्या संधीलाच ‘ट्राय’ म्हणत. कॅरममध्ये राणी घेतली तरी कव्हर मिळेपर्यंत ती आपली होत नाही, तसाच हा प्रकार होता.

त्या दिवशी स्कॉटलंडच्या अँगस ब्यूकॅननने नोंदवलेल्या ट्रायचे विल्यम क्रॉसने गोलमध्ये रूपांतर केले. बर्केटच्या ट्रायनंतर कर्णधार फ्रेडरिक स्टोक्सने मारलेली लाथ मात्र चुकली. दुसऱ्या दिवशी बाविसावे वर्ष पूर्ण करणाऱ्या बर्केटच्या कामगिरीने इंग्लंडच्या गोलसंख्येत काहीच भर पडली नाही. 1992 पासून ट्रायला पाच गुण आहेत. म्हणून आजचा हिशेब मागे नेऊन ‘बर्केटने पहिले गुण मिळवून दिले’ असे लिहिणेही चुकीचेच होईल.

क्रियापदाबाबतही काळजी घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. रोजच्या बोलण्यात ‘ट्राय केला’ म्हणजे ‘करून पाहिले’ असाच अर्थ होतो. त्यामुळे ‘ट्राय नोंदवला’ असे लिहावे, शब्द पुल्लिंगी ठेवावा आणि पहिल्या उल्लेखापाशी अर्ध्या ओळीत त्याचा अर्थ उलगडावा.

पुरवणी प्रश्न : बर्केट फुटबॉलही खेळला. मग दोन्ही खेळांसाठी ‘गोल’ हा एकच शब्द वापरावा का?

उत्तर : वापरावा, परंतु खेळाचे नाव जवळच असावे, कारण रग्बीतला गोल आडव्या दांडीच्या वरून जातो आणि फुटबॉलमधला तिच्या खालून. बर्केटच्या बाबतीत ही दक्षता विशेष गरजेची आहे. 1871 च्या जानेवारीत स्थापन झालेल्या रग्बी फुटबॉल युनियनच्या, म्हणजे इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या, पहिल्या समितीवर तो होता, 1879 मध्ये फुटबॉलमध्ये तो इंग्लंडचा गोलरक्षक होता, आणि पुढच्याच वर्षी क्लॅपहॅम रोव्हर्स या क्लबने फुटबॉलचा एफए चषक जिंकला तेव्हाही गोल त्यानेच राखला. ‘बर्केटचा गोल’ एवढेच लिहिले, तर त्याने मारलेला, त्याने राखलेला की त्याच्यावर झालेला, हे कळायला मार्ग उरत नाही. 

बर्केटचा मुलगा जॉन पुढे इंग्लंडच्या रग्बी संघाचा कर्णधार झाला. 2 ऑक्टोबर 1909 रोजी हार्लेक्विन्स आणि रिचमंड या क्लबांच्या सामन्याने लंडनमधले ट्विकनहॅमचे रग्बी मैदान खुले झाले, तेव्हा तिथला पहिला ट्राय जॉननेच नोंदवला. पितापुत्रांच्या या दोन नोंदी शेजारी आल्या, तर एके ठिकाणी ‘प्रयत्न’ आणि दुसरीकडे ‘ट्राय’ असे लिहू नये. दोन्हीकडे ‘ट्राय’च ठेवावा.