ज्येष्ठांच्या आठवणी रेकॉर्ड करून कार्यक्रम करायचाय, तयारी कशी करावी?

अंगणवेल
१ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ दिनी, वस्तीतल्या आजी-आजोबांसाठी कार्यक्रम करायचा आहे. नुसती भाषणं आणि सत्कार ठेवले की ज्यांच्यासाठी सगळं चाललंय तेच दोन तास मुकाट बसून राहतात. म्हणून महिनाभर आधी १२ जणांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि निवडक तुकडे त्या दिवशी ऐकवायचे, असा बेत आहे. साधन म्हणाल तर फक्त मोबाइल. वयं ७४ ते ९१, तिघांना कमी ऐकू येतं. प्रश्न कसे काढावेत आणि आवाज नीट यावा म्हणून काय करावं?

जुनी_वही
बेत फार चांगला आहे. आधी प्रश्नांचं बोलतो, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे.

'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' असं म्हटलंत की दोन वाक्यांत संपतं. माणसाला वयाच्या साधारण १० ते ३० वर्षांतल्या आठवणी सर्वांत जास्त असतात, तिथून शिरा. तेही वस्तूच्या किंवा जागेच्या हाताला धरून: राहत्या घराचा दरवाजा उघडला की समोर काय दिसायचं? पहिल्या कामावर पहिल्या दिवशी काय करायला सांगितलं? जुना फोटो हातात दिलात तर आणखी सोपं.

प्रश्न विचारला की गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. आपण घाईने दुसरा प्रश्न टाकतो आणि येऊ घातलेली आठवण तिथेच तुटते.

सगळ्यात जास्त वाया जातं ते 'एवढं', 'असं', 'तिकडे' या शब्दांत. आजी गाठ कशी मारायची ते हातांनी दाखवत असतात आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं, 'हे असं घ्यायचं, मग असं.' तेव्हा तुम्ही मोठ्याने म्हणा, 'म्हणजे डावं टोक उजव्यावरून?' त्या 'हो' म्हणाल्या की काम झालं. हातकाम असेल तर त्यांच्या खांद्यामागून फक्त हातांचा व्हिडिओ घ्या, म्हणजे बघणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसणार नाही.

एक बैठक ४५ मिनिटं, फार तर तास. सहसा सकाळची वेळ बरी, तरी त्यांनाच विचारा. संपल्यावर आवर्जून विचारा, 'यातलं काय ऐकवायचं नाही?' रेकॉर्डिंगला 'हो' म्हटलं म्हणजे चारचौघांत ऐकवायला 'हो' म्हटलं असं नाही. ही परवानगी वेगळी घ्या आणि लिहून ठेवा.

ध्वनिवेडा
मोबाइल पुरेल. विमान मोड लावा, नाहीतर मध्येच फोन आला की रेकॉर्डिंग थांबतं. माइकचं भोक बहुतेक फोनना खालच्या कडेला असतं. ते बोलणाऱ्याकडे, तोंडापासून २०–३० सेंमीवर ठेवा. फोनखाली घडी घातलेला टॉवेल हवाच. टेबलावर कप ठेवला तरी ठोका पडतो, आणि तो नेमका महत्त्वाच्या शब्दावर पडतो. पंखा बंद. मोकळ्या भिंतींची खोली घुमते, म्हणून पडदे, गाद्या असलेली खोली निवडा. मिनिटभर घेऊन इअरफोनवर ऐका, मगच सुरुवात करा.

फॉरमॅट डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल), दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (म्हणजे एकच ध्वनिमार्ग). तासाला सुमारे ५०० एमबी लागतात, जागा आधी मोकळी करा. त्याच रात्री तीन प्रती: दोन वेगळ्या साधनांवर, तिसरी दुसऱ्या घरी. फाइलला नाव, तारीख आणि बैठक क्रमांक द्या. 'आजोबा नवीन २' असं नाव दिलंत तर पुढे कुणालाच काही सापडणार नाही.

अंगणवेल
खूप आभार. एक अडचण आहे. दोन भाऊ एकच प्रसंग वेगवेगळ्या सालात सांगतात. कुणाचं धरायचं?

जुनी_वही
दोघांचंही. समोर दुरुस्ती करू नका, एकदा टोकलं की माणूस जपून बोलायला लागतो. दोघांना वेगवेगळं रेकॉर्ड करा. कागद सापडला तर साल टिपेत लिहा, मूळ बोलणं तसंच राहू द्या.

चौथा_कट्टा
ऐकू कमी येणाऱ्यांशी ओरडून बोलू नका. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, फ, त ही व्यंजनं निसटतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकीशी नाहीत. समोर बसा, तोंडावर उजेड घ्या, सावकाश बोला. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्याऐवजी दुसऱ्या शब्दांत सांगा.

कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या हाताच्या असाव्यात, बैठक ४५ सेंमीच्या आसपास. प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्चीतून उठताना पडायची भीती असते. पायरी १५ सेंमी असेल तर उतार किमान १.८ मीटर लांब हवा. स्वच्छतागृह जवळ. निमंत्रणाची अक्षरं १८ पॉइंट, पांढऱ्यावर काळी. तुकडे २–३ मिनिटांचेच ऐकवा, मागे संगीत नको, ते शब्द गिळतं. बोललेलं पडद्यावर अक्षरांत दिसलं तर ते तिघेही सामील होतील.

संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हा दिवस ठरवला आणि १९९१ मध्ये ज्येष्ठांसाठी जी तत्त्वं मान्य केली, त्यांत आपलं ज्ञान आणि कौशल्य तरुण पिढीला देता यावं, हेही आहे. म्हणून तुकडा संपला की माइक सूत्रसंचालकाकडे परत नेऊ नका. त्याच आजींच्या हातात द्या आणि मुलांना थेट त्यांनाच प्रश्न विचारू द्या.

ध्वनिवेडा
वेळेचं राहिलं. तासाभराचं बोलणं हाताने उतरवायला ४ ते ६ तास लागतात. १२ बैठका म्हणजे ५०–७० तास, एकट्याने महिन्याभरात होणार नाही. आत्ता फक्त रेकॉर्डिंगमधल्या मिनिट-सेकंदांची नोंद ठेवा: '१२:४० – विहिरीचं काम', एवढी एक ओळ. तुकडे निवडायला ती पुरते.