शिकारीच्या पक्ष्याच्या रश्श्यातून शिशाचा छर्रा पोटात गेला: कोणती तपासणी करावी?

प्रश्न: बाळीवेस, सोलापूर

थंडीत आम्ही दोघे इंग्लंडमध्ये नॉर्फोक भागात मुलाकडे होतो. तिकडे ऑक्टोबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत फेझंट या कोंबड्याएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा कायदेशीर हंगाम असतो. मुलाच्या शेजाऱ्यांनी स्वतः टिपलेली, सोलून साफ केलेली एक जोडी आम्हाला आणून दिली. त्यातल्या एकाचा मी आपल्या पद्धतीने काळा मसाला आणि चिंचेचा कोळ घालून रस्सा केला. जेवताना यजमानांच्या दाताखाली कचकन काही लागले. काढून पाहिले तर मसुराहून लहान, करडा, एका बाजूने चेपलेला दाणा निघाला, आणि तो कागदावर ओढल्यावर काळसर रेघ उमटली. त्याआधी तसाच एक दाणा घासाबरोबर गिळला गेल्याचे त्यांना पक्के आठवते.

तोच रस्सा चार वर्षांच्या नातवाने खाल्ला आणि सुनेनेही थोडा घेतला. तिला पाचवा महिना आहे. आम्ही आता सोलापुरात परतलो आहोत आणि यजमानांना काहीही त्रास नाही. तरीही त्यांचा एक्स-रे काढावा का, छर्रा आपोआप पडून जातो का, आणि मुलाच्या फ्रीजरमध्ये असलेल्या दुसऱ्या पक्ष्याचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: निवृत्त वैद्यक, सोलापूर

ताई, यजमानांची काळजी थोडी कमी करा आणि नातू व सून यांच्याकडे अधिक लक्ष द्या, असे मी आधीच सांगतो.

पक्ष्यांसाठी वापरला जाणारा इंग्लंडमधला ६ नंबरचा छर्रा सुमारे २.६ मिलिमीटर व्यासाचा आणि साधारण ०.१ ग्रॅम, म्हणजे एक लाख मायक्रोग्रॅम वजनाचा असतो. उलट प्रौढ माणसाच्या अंगातील सुमारे पाच लिटर रक्तात दर डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ५ मायक्रोग्रॅम शिसे असेल, तर साऱ्या रक्तातले शिसे मिळून २५० मायक्रोग्रॅमच भरते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ ही पातळी गाठली तरी शिसे कोठून येत आहे याचा शोध घ्यावा लागतो. म्हणजे छर्रा पुरता विरघळला असता तर प्रकरण गंभीर झाले असते. पण तसे सहसा होत नाही. जठरातील आम्ल त्याच्या पृष्ठभागावरचे थोडे शिसे विरघळवते, आणि बहुतेक वेळा काही दिवसांत छर्रा शौचावाटे निघून जातो.

अपवाद आहे तो आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा. छर्रा जड असल्यामुळे कधी कधी तेथे जाऊन बसतो आणि महिनोन्‌महिने राहतो. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडातील इनुइट या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत शिकारीचे पक्षी हे नेहमीचे अन्न आहे, आणि तेथील लोकांच्या पोटाच्या एक्स-रेमध्ये असे छर्रे डॉक्टरांना वर्षानुवर्षे दिसत आले आहेत. शिसे एक्स-रेमध्ये ठळक पांढरे दिसते, त्यामुळे यजमानांच्या पोटाचा एक साधा एक्स-रे काढला की शंका मिटेल. छर्रा दिसलाच, तर रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. सोलापुरात नमुना घेऊन तो बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवतात. त्यासाठी वेगळी नळी लागते, म्हणून आधी विचारूनच जावे.

उत्तर: डेन्मार्कवासी सोलापूरकर

वरील उत्तरात एक भर घालतो, कारण मला ती अधिक महत्त्वाची वाटते. जो छर्रा दाताखाली येतो, तो निदान कळतो. हाडावर आदळताना छर्ऱ्याचे जे बारीक कण मांसात विखुरतात, ते डोळ्याला दिसत नाहीत आणि जिभेलाही कळत नाहीत. २०१० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकारीचे पक्षी शिजवून, दिसतील ते छर्रे काढून मग मांस तपासले. तरीही बऱ्याच नमुन्यांतील शिसे कोंबडीच्या मांसासाठी युरोपने घातलेल्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त भरले. त्यात आंबट पदार्थ घातला की शिसे अधिक विरघळते. स्पेनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लाव्यांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले आहे, आणि चिंचेचा कोळही आम्लच आहे. तुमच्या रश्श्यात किती शिसे उतरले हे आता सांगता येणार नाही, परंतु फ्रीजरमधला पक्षी नातवाने आणि सुनेने खाऊ नये, हे मी ठामपणे सांगतो.

पुढच्या वेळी कोणी पक्षी आणून दिला, तर काडतुसात कोणता छर्रा होता हे विचारून घ्या. पोलादी छर्रा लोहचुंबकाला चिकटतो. शिसे आणि बिस्मथ (शिशाऐवजी छर्ऱ्यात वापरतात तो धातू) दोन्ही चिकटत नाहीत, पण हातोडीखाली शिसे चपटे होते आणि बिस्मथ फुटते. डेन्मार्कने १९९६ पासून शिशाच्या छर्ऱ्यांवर सरसकट बंदी घातली आहे आणि शिकार तरीही चालू आहे. इंग्लंडमध्ये १९९९ पासून बदकांसारख्या पाणपक्ष्यांवर आणि काही पाणथळ जागी ते वापरता येत नाहीत, मात्र शेतातल्या फेझंटला ती बंदी लागू नाही.

उत्तर: नान्नज माळ

सोलापुरात हा प्रश्न वाचणाऱ्यांसाठी एवढेच लिहितो. आपल्या माळावरचे तितर आणि लावे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांची शिकार आणि विक्री हा गुन्हा आहे. बाजारात पाळीव जपानी लावा मिळतो. तो टिपलेला नसतो, त्यामुळे त्यात छर्ऱ्याचा प्रश्न येत नाही. कोणी ‘रानातला’ म्हणून पक्षी आणून दिला, तर तो घेऊ नये.

प्रश्नकर्त्या: बाळीवेस, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांचा एक्स-रे उद्याच काढतो. शेजारच्या काकूंनी एरंडेल देण्याचा सल्ला दिला आहे, तो मानावा का? आणि सुनेचाही एक्स-रे काढायला सांगावे का?

उत्तर: निवृत्त वैद्यक, सोलापूर

एरंडेल देऊ नका आणि उलटीही करवू नका. या वयात जुलाबाने अशक्तपणा येईल, आणि अपेंडिक्समध्ये बसलेला छर्रा त्याने निघत नाही. उजव्या बाजूला खाली पोट दुखून ताप आला, तर मात्र न थांबता डॉक्टरांकडे जावे.

सुनेचा एक्स-रे नको. तिने आणि नातवाने रक्तातील शिसे तपासावे का, हे मुलाने तिथल्या डॉक्टरांना विचारावे, आणि विचारताना कोणता पक्षी होता, कधी आणि साधारण किती खाल्ला, रश्श्यात चिंच होती, हे सारे सांगावे. लहान मुलाचे आतडे प्रौढापेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषते. गर्भारपणात ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. याच कारणाने ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१२ मध्ये लहान मुले आणि गर्भवती यांनी शिशाने टिपलेल्या पक्ष्यांचे मांस शक्यतो टाळावे असा सल्ला दिला. एका जेवणाने मोठे नुकसान झाले असेल असे मला वाटत नाही. शिसे बाहेर काढणारे औषध मुलांना साधारणपणे दर डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक पातळीला सुरू करतात, आणि एका ताटाने तेवढी पातळी होण्याची शक्यता फार कमी आहे. पण रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते आणि काही भाग हाडांत जाऊन वर्षानुवर्षे राहतो, म्हणून तपासणी करायची असेल तर ती याच आठवड्यात व्हावी. तोवर दोघांच्या जेवणात दूध, दही, पालेभाज्या असू द्याव्यात आणि सुनेने लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत, कारण लोह आणि कॅल्शियम कमी पडले की शरीर शिसे अधिक शोषून घेते.