परदेशातील मॉडेलिंग आणि मुलांचे संगोपन : आपले अनुभव

१९९२ च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत दुसरी उपविजेती ठरलेल्या मधु सप्रे यांनी पुढे इटलीत संसार थाटला, हे अनेकांना ठाऊक आहे. परंतु परक्या देशात मुले वाढवताना मॉडेलिंगचे काम कसे निभावते, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. ज्यांनी ते केले किंवा जवळून पाहिले, त्यांनी कृपया लिहावे.

मिलान
खरी कसोटी खाण्यापिण्याच्या पथ्याची नसून ‘ऑप्शन’ची असते. ग्राहक तारीख राखून ठेवतो, पण काम पक्के झाले की नाही, हे पुष्कळदा आदल्या संध्याकाळी कळते. तोवर मूल सांभाळणाऱ्या बाईंना होकारही देता येत नाही आणि नकारही. त्यातच, पाळणाघरात मूल रुळेपर्यंत आईने किंवा वडिलांनी काही दिवस सोबत बसावे, अशी इथली पद्धत आहे, आणि ते दिवस नेमके फॅशन वीकच्या सप्टेंबरात येतात. आमच्याकडे त्या बुटक्या खुर्चीवर नवरा बसला. मी मात्र अंगभर टाचण्या लावून फिटिंगला उभी होते, त्यामुळे मुलगी रडते आहे का, हे विचारायला साधा फोनही उचलता येत नव्हता.

लंडन
मुलांनंतर मी रॅम्प सोडून कॅटलॉगचे काम धरले. त्याला मान कमी आहे, पण बहुधा संध्याकाळी घरी परतता येते, आणि घराचे हप्ते त्यावरच फिटले.

पॅरिस
फ्रेंच कायदा मॉडेलला पगारदार कर्मचारी मानतो, हे नव्याने येणाऱ्या मुलींनी आधी समजून घ्यावे. कामाचे पुरेसे तास नोंदलेले असतील, तर पहिल्या बाळंतपणासाठी १६ आठवड्यांची भत्त्यासह रजा मिळते. म्हणून वेतनपावत्या वेळच्या वेळी मागून घ्याव्यात. २०१७ पासून, मॉडेल काम करण्याइतकी निरोगी असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्रही सक्तीचे आहे. बाळंतपणानंतर ‘पूर्ववत कधी होणार’ असे एका एजन्सीने विचारले, तेव्हा मी तेच पुढे केले.

पुणे
माझी लेक पॅरिसमध्ये हे काम करते. शेंगेन व्हिसावर (युरोपातील अनेक देशांच्या सामाईक व्हिसावर) १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नसल्यामुळे विहीणबाईंनी आणि मी पाळ्या लावून घेतल्या आहेत : सप्टेंबर-ऑक्टोबरचे शो माझ्याकडे, फेब्रुवारी-मार्चचे त्यांच्याकडे. लेक रात्री उशिरा येऊन थेट नातवाला उचलू पाहते, तेव्हा मी तिला आधी केसांतला स्प्रे धुवायला पाठवते. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा लागतो. त्याचा हप्ता जावई भरतात.