एसी नसलेल्या खोलीत कॅबिनेट कोणतं घ्यावं, काचेचं की जाळीचं?

धायरी_तिसरा_मजला

नवीन पीसी जुळवतोय. प्रोसेसर रायझन ७ ७७०० (७७००एक्स नाही), ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० सुपर, बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम आणि ७५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), एवढं नक्की आहे. काम ब्लेंडरचं, म्हणजे थ्रीडी चित्रांचं. एकेक रेंडर तीन-चार तास चालतो, रात्री गेम. कॅबिनेट आणि कूलिंगवर गाडी अडलीय. दोन्ही मिळून १५ हजारांत बसवायचंय.

खोली पश्चिमेची, एसी नाही आणि बसवणारही नाही. मे महिन्यात दुपारी आत ३५-३६ अंश असतात. खिडकीखालीच रस्ता, त्यामुळे सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. तपकीर गल्लीतल्या (पुण्यातला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार) दुकानात समोरून आणि बाजूने काच असलेलं कॅबिनेट आणि वर ३६० चा लिक्विड कूलर (३६० मिमीच्या रेडिएटरमधून पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारा) सुचवला. "पुण्याच्या उन्हाळ्याला लिक्विडच लागतं" म्हणे. खरंच लागतं का? आणि टेबलाला सीपीयूचा कप्पा आहे, दारासकट. त्यात ठेवला तर चालेल ना?

जाळीवाला

कप्प्याचं आधी. नाही चालणार. मागची गरम हवा कप्प्यातच फिरते आणि समोरचे पंखे तीच पुन्हा आत ओढतात. दार काढून टाकलं तरी मागची फळी असतेच. टेबलावर ठेवा, नाहीतर बाजूला वीतभर उंचीच्या स्टुलावर. जमिनीवर अजिबात नको. केर आणि फरशी पुसण्याचं पाणी, दोन्हीची वाट तिथूनच जाते.

आता हिशोब. ७७०० हा कागदावर ६५ वॉटचा असला तरी पूर्ण लोडवर ८८ वॉटपर्यंत घेतो. कार्ड २२० वॉटचं. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएसची स्वतःची उष्णता धरली की आतमध्ये साधारण ३५० वॉट. ही उष्णता बाहेर काढताना आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांवर जाऊ द्यायची नसेल, तर मिनिटाला सुमारे ६२ घनफूट हवा खेळती राहायला हवी (वॉट गुणिले १.७६, भागिले अंशांचा फरक). पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून हवा पाच टक्क्यांनी विरळ. ६५ धरा. १२० मिमीच्या पंख्याच्या खोक्यावर ५०-६० सीएफएम (मिनिटाला घनफूट) छापलेलं असतं, पण ते मोकळ्या हवेतलं. पुढे जाळी आणि गाळणी आली की निम्मं उरलं तरी पुष्कळ. म्हणजे समोर तीन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, एवढ्यात काम होतं. समोर काच असेल तर हेच तीन पंखे कडेच्या बोटभर फटीतून श्वास घेतात आणि मग कितीही जोरात फिरवा, आवाज वाढतो, हवा नाही.

म्हणून जाळीचं घ्या. कॉर्सेअर ४००० डी एअरफ्लो मिळालं तर त्यात १७० मिमी उंचीपर्यंतचा कूलर आणि ३६० मिमी लांबीपर्यंतचं कार्ड बसतं. सोबत १२० चे दोनच पंखे येतात, दोन वेगळे घ्यावे लागतील. दुसरं कुठलं आवडलं तर हेच दोन आकडे तपासा, आणि समोरची गाळणी स्क्रू न काढता निघते का ते दुकानातच काढून बघा. जी गाळणी काढायला पाच मिनिटं लागतात ती कोणी धूत नाही.

वरच्या बाजूला पंखे लावायचा मोह आवरा. वरचा पुढचा पंखा समोरून आलेली ताजी हवा कूलरपर्यंत पोहोचायच्या आतच बाहेर फेकतो. लावायचाच तर मागच्या टोकाला एक, तोही हळू.

दोन_टॉवर

लिक्विडबद्दल. कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेत नाही. खोली ३६ वर असेल तर मोजणी ३६ पासून सुरू, मग पाणी असो की नुसता तांब्याचा पाइप. रेंडर सुरू झाल्यावर पाण्याला तापायला थोडा वेळ लागतो, तेवढी पहिली वीसेक मिनिटं लिक्विड भारी वाटतं. तीन तासांच्या कामात त्याचा काय उपयोग? शिवाय या पिढीच्या रायझनमध्ये उष्णता एका छोट्याशा चिपमधून जाडजूड झाकणातून वर यावी लागते. खरी कोंडी तिथे आहे, त्यामुळे ८८ वॉटसाठी ३६० चा रेडिएटर म्हणजे दोघांच्या चहाला हंडा.

थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा त्या तोडीचा दोन टॉवरचा एअर कूलर पुरे. उंची १५५ मिमी, वर सांगितलेल्या कॅबिनेटमध्ये आरामात बसतो. खराब होण्यासारखा भाग फक्त पंखा, तो बदलता येतो. लिक्विडचा पंप गेला की अख्खा कूलरच भंगारात.

बसवताना या गोष्टी चुकतात:

कूलरच्या बुडाला पारदर्शक फिल्म असते, ती काढायची राहते. पीसी चालू होताच दोन मिनिटांत ९५ अंश दिसले तर आधी हीच शंका घ्या.

एएम५ बोर्डवर (तुमचा बी६५० त्यातलाच) प्रोसेसरच्या बाजूंना प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या चार स्क्रूंनी लावलेल्या असतात, त्या काढायच्या. मागची धातूची पट्टी तशीच राहू द्या, कूलरचे खांब तिच्यातच बसतात.

कूलर चढवण्याआधी बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली सीपीयूची (प्रोसेसरची) ८ पिनची वायर लावून घ्या. नंतर तिथे बोट जात नाही.

स्क्रू एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा, असं नको. दोन-दोन फेरे आलटून पालटून. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी मधोमध आणि चार कोपऱ्यांकडे मुगाएवढे चार ठिपके.

आणि रॅम उंच दिव्यांची घेऊ नका. पुढचा पंखा रॅमवर येतो. रॅम उंच असली की पंखा वर सरकवावा लागतो, आणि मग १५५ चा कूलर १६५ चा होतो.

औंध_ते_स्वारगेट

जाळीवाल्यांशी एका मुद्द्यावर सहमत नाही. काचेचं कॅबिनेट सरसकट वाईट नसतं. ज्यात खाली तीन पंखे लागतात त्यात ग्राफिक्स कार्डला थेट ताजी हवा मिळते आणि कार्ड जाळीच्या कॅबिनेटइतकंच थंड राहू शकतं. फक्त अशी कॅबिनेट बहुतेक वेळा पंख्यांशिवाय येतात. सहा-सात पंखे धरले की १५ हजार तिथेच संपतात. तुमच्या बजेटला जाळीच बरी, हे कबूल.

पंखे घेताना वायर बघा. चार पिनची असेल तर बोर्डवरून वेग कमी-जास्त होतो. स्वस्त दिव्यांच्या सेटमधले पंखे बऱ्याचदा थेट एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनच्या जोडावर चालतात, म्हणजे चोवीस तास एकाच वेगाने घोंघावणार. बोर्डच्या एका हेडरवर (पंख्याची वायर लावायची जागा) साधारण १ अँपिअर चालतं. स्प्लिटरने तीन साधे पंखे लावायला हरकत नाही, पण पंख्याच्या स्टिकरवरचे आकडे बेरीज करून बघा.

पंख्याची दिशा कळत नसेल तर उदबत्ती लावा. समोर जाळीपाशी धूर आत ओढला गेला पाहिजे, मागे बाहेर फेकला गेला पाहिजे. मागच्या रिकाम्या स्लॉटमधून धूर आत जात असेल तर आत येणारी हवा कमी पडतेय, म्हणजे धूळही त्याच फटींतून न गाळता येणार. समोरच्या पंख्यांचा वेग थोडा वाढवा. आणि रिकाम्या स्लॉटची पट्टी हरवली असेल तर बसवून घ्या. तिथून पालही आत जाते, चेष्टा नाही.

धायरी_तिसरा_मजला

मग जाळी आणि दोन टॉवर ठरलं. दोन शंका. उन्हाळ्यात खोलीत पाण्याचा डेझर्ट कूलर लावतो, तो पीसीकडे वळवला तर? आणि पंख्यांची सेटिंग कोणत्या महिन्यात करायची, मे की डिसेंबर?

जाळीवाला

खोली थंड करायला कूलर खुशाल लावा, पण झोत पीसीवर नको. पाणी जड असेल तर उडालेल्या बारीक थेंबांतले क्षार सुकून पंख्याच्या पात्यांवर आणि फिन्सवर (कूलरच्या पातळ पत्र्यांवर) पांढरे बसतात, त्यावर धूळ चिकटली की ब्लोअरने निघत नाही. आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दोन तासांत खोली दमट होऊन डेझर्ट कूलरही निकामी.

सेटिंग मे महिन्यातच. बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) सीपीयूचा पंखा ६० अंशांपर्यंत ४० टक्के, ८० ला ७५ आणि ९० ला पूर्ण. रायझनचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं, म्हणून पंख्याचा प्रतिसाद तीन-चार सेकंद उशिरा ठेवा, नाहीतर ब्राउझर उघडला तरी घूं घूं. एवढं करूनही रेंडरमध्ये ८५ दिसले तर घाबरू नका. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे.

एक चाचणी करून ठेवा. अर्धा तास रेंडर चालवून कार्डचं तापमान लिहा, मग बाजूचं पॅनेल काढून पुन्हा अर्धा तास. फरक ३-४ अंश असेल तर ठीक. ८-१० असेल तर समोरून हवा कमी येतेय. नवीन असताना पंख्यांचा दोष असतो, दोन महिन्यांनी गाळणीचा.

दोन_टॉवर

तुमच्या रस्त्याला गाळणी पंधरा दिवसांनी. नळाखाली धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. आत ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं की भन्नाट वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.

औंध_ते_स्वारगेट

आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष कॅबिनेटचा नाही, प्लगच्या अर्थिंगचा. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत पीसी त्या प्लगवर लावू नका.