डिस्नीचे चारही पार्क एकाच दिवसात, कोणी केलंय का? (आई-बाबा सोबत आहेत)

एडिसनचा_पाहुणा
नमस्कार मंडळी, थोडा येडपट प्रश्न आहे पण विचारतोच. नोव्हेंबरात एनजेईए (न्यू जर्सीतली शिक्षकांची संघटना) कन्व्हेन्शनची गुरुवार-शुक्रवार शाळेला सुट्टी असते म्हणून आम्ही चार दिवस ऑर्लँडोला चाललोय, आणि झालंय असं की एक दिवस केनेडी स्पेस सेंटर (बाबांचा हट्ट), एक दिवस टँपाला मावसभावाकडे, एक दिवस येण्याजाण्यात, म्हणजे डिस्नीला उरला फक्त शुक्रवार. त्यात मेहुण्याने चारचौघांत सांगितलं की चार पार्क एका दिवसात होणं शक्यच नाही, झाले तर सरवणा भवनला सगळ्यांचं जेवण त्याच्याकडून. आता माघार घेणं नाही.

मी, बायको, लेक (७ वर्षं, उंची ४६ इंच), मेहुणा आणि पुण्याहून आलेले आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या अलीकडे, चालतात पण आईचा गुडघा कुरकुरतो. हॉटेल डिस्नीचंच, पॉप सेंच्युरी. पार्क हॉपर (एका दिवसात एकाहून जास्त पार्कात जाऊ देणारं तिकीट) काढायचं ठरवलंय. प्लॅन असा की सकाळी ॲनिमल किंगडम, मग हॉलिवूड स्टुडिओज, तिथून स्कायलायनरने (डिस्नीची केबल कार) एपकॉट आणि रात्री मॅजिक किंगडमला किल्ल्यासमोर फटाके. नियम एकच, प्रत्येक पार्कात निदान एक राइड. काय चुकतंय?

दमलेला_गडी
दोनदा केलंय, एकदा जमलं, एकदा तिसऱ्या पार्कात बाकड्यावर झोपलो. तुमचा क्रम बरोबर आहे, ॲनिमल किंगडम सगळ्यात लवकर उघडतं आणि लवकर बंद होतं म्हणून सुरुवात तिथूनच. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, तो अर्धा तास म्हणजे सोनं आहे, त्यात सरळ पँडोरात (तिथला अवतार सिनेमावरचा भाग) जाऊन फ्लाइट ऑफ पॅसेज करा (४४ इंच लागतात, लेक बसेल). नंतर त्याच राइडला दीड तास उभे राहाल.

लोकांना वाटतं वेळ रांगेत जातो. अहो जातो, पण त्याहून जास्त मधल्या प्रवासात जातो. ती जागा २५ हजार एकरांच्या आसपास आहे, पार्क म्हणजे शेजारशेजारचे वाडे नाहीत. बसची वाट, बस, परत सिक्युरिटी, परत बोट टेकवून आत, एका उडीला पाऊण तास धराच. तीन उड्या, म्हणजे सव्वादोन तास असेच गेले. २०२४ च्या जानेवारीपासून कधीही हॉप करता येतं हे एक बरं, आधी दुपारी २ पर्यंत दुसऱ्या पार्कात जाऊच देत नसत.

ऑर्लँडोकरीण
थांबा थांबा. नोव्हेंबरातला शुक्रवार म्हणालात ना? मॅजिक किंगडमचं कॅलेंडर उघडून बघा आधी. त्या सुमारास ख्रिसमस पार्ट्या सुरू होतात, वेगळं तिकीट असतं, आणि पार्टी असेल त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी ६ ला बाहेर. तुम्ही रात्री फटाके बघायला जाल आणि दारातून परत याल.

आणि एक, तुम्हाला वाटत असेल एनजेईएची सुट्टी फक्त तुम्हालाच आहे. इकडे त्या आठवड्याला जर्सी वीकच म्हणतात. गेल्या साली डंबोच्या रांगेत माझ्या पुढे मराठी, मागे गुजराती, आणि दोघंही न्यू जर्सीतल्या एडिसनचे.

एडिसनचा_पाहुणा
बघितलं. आहे पार्टी. ६ ला बंद 🤦 मेहुण्याला अजून सांगितलं नाहीये. आता एपकॉट आणि मॅजिक किंगडमची अदलाबदल केली तर चालेल का?

शांतपणे_फिरा
एक विचारू का, राग मानू नका. आई-बाबा पुण्याहून वीसेक तासांचा प्रवास करून आलेत, आणि तुम्ही त्यांना एका दिवसात चार गेटांतून पळवणार, ते कशासाठी, तर मेहुण्याच्या इडली-डोशासाठी? मी माझ्या सासूबाईंना असंच नेलं होतं. पुढे दोन वर्षं "आम्हाला किल्ला दाखवला नाही, बसस्टॉप दाखवले" हे ऐकलंय. एकच पार्क करा. पैज पुढच्या वर्षी जिंका.

दमलेला_गडी
@शांतपणे_फिरा एकदम मान्य, पण मग धागाच बंद करायचा का 😄 मधला रस्ता आहे की. आई-बाबांना चारही पार्क कोणी सांगितलेत? पैज चौघांची.

ऑर्लँडोकरीण
हो मधला रस्ता आहे, आणि पार्टीचा खरं तर फायदाच घ्या. पार्टी असते त्या दिवशी मॅजिक किंगडममध्ये दिवसा गर्दी कमी असते, कारण रात्रीचे फटाके नाहीत म्हणून बरेच जण त्या दिवशी येतच नाहीत. म्हणून मी असं करेन:

पहाटे सगळे ॲनिमल किंगडम. आधी फ्लाइट ऑफ पॅसेज, आई-बाबांनी तोवर सरळ सफारी गाठावी. किलिमांजारो सफारी ११० एकरांची आहे आणि सकाळी जनावरं हलतात, दुपारी नुसती पाठ दिसते. साडेदहाच्या आत तिथून निघायचं. आई-बाबा बसने हॉटेलवर, जेवण, झोप. तुम्ही बसने मॅजिक किंगडम. बसनेच जा हं, गाडी किंवा उबरने गेलात तर टीटीसीला (पार्कापासून लांबचं तिकीट-वाहतूक केंद्र) उतरवतात, तिथून परत मोनोरेल नाहीतर फेरी. बस गेटजवळ सोडते.

लाइटनिंग लेन मल्टी पास (पैसे भरून छोट्या रांगेतून जायची सोय) घेणार असाल तर पहिले तीन स्लॉट एकाच पार्कचे घ्यावे लागतात, ते मॅजिक किंगडमचे घ्या, ११ ते २ मधले. हॉटेलवाल्यांना ७ दिवस आधी सकाळी ७ ला बुकिंग उघडतं, गजर लावा. पहिला वापरून झाला की लगेच फोनवर हॉलिवूड स्टुडिओजचा शोधायला लागायचं. स्लिंकी डॉग मिळेल ही आशा सोडा, टॉय स्टोरी मेनिया मिळू शकते. ट्रॉनला ४८ इंच लागतात, लेकीला आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथे रडारड. स्पेस माउंटनला ४४ आहे, ती होईल.

अडीचला निघून हॉलिवूड स्टुडिओज. तिथून स्कायलायनर, मध्ये कॅरिबियन बीचला डबा बदलायचा, की उतरलात एपकॉटच्या मागच्या दारात, फ्रान्स आणि यूकेच्या मधोमध. आणि आता मजा बघा, पॉप सेंच्युरीहूनही तोच स्कायलायनर येतो! आई-बाबा झोप काढून ताजेतवाने, एकही बस न पकडता तिथेच भेटतील. रात्रीचे फटाके एपकॉटच्या तळ्यावर बघा. अकरा देशांची दालनं आहेत तळ्याभोवती (आपला नाही त्यात, बाबा विचारतीलच). आईंसाठी तिथे व्हीलचेअर घ्या, लाज वाटू देऊ नका, ती तळ्याची फेरीच जवळजवळ दोन किलोमीटर आहे.

खाऊगल्ली
कोणी जेवणाचं बोललंच नाही! बाहेरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची बरणी नको. दशम्या, थेपले, लसणाची चटणी, भडंग. सिक्युरिटीवाला डबा उघडून बघेल आणि वासाने मागे सरकेल एवढंच. प्यायचं थंड पाणी काउंटरवर फुकट मागून मिळतं, पाच डॉलरची बाटली घेऊ नका. बसून जेवायला कुठेही थांबलात तर पैज तिथेच हरलात.

एडिसनचा_पाहुणा
ताई तुमचा प्लॅन प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय. येऊन सांगतो.

एडिसनचा_पाहुणा
आलो परत. पाय अजून माझे नाहीत, ३४ हजार पावलं दाखवली घड्याळाने.

फ्लाइट ऑफ पॅसेज सव्वाआठला झाली पण, लेक उतरल्यावर पाच मिनिटं बोललीच नाही. म्हटलं जिंकलो. पण एक गोष्ट कुणाच्याच हिशोबात नव्हती, ती म्हणजे बाबा. सफारी झाल्यावर आई म्हणाली महाराजा जंगल ट्रेकवर वाघ आहेत, जाता जाता बघू. बाबा ताडोबाला तीनदा गेलेत आणि एकदाही वाघ दिसलेला नाही. इथे काचेपलीकडे वाघ निवांत पसरलेला. बाबा जे उभे राहिले ते हलेचनात. मी म्हटलं बाबा बस, तर म्हणे तुम्ही जा, मी आहे इथे. चाळीस मिनिटं! मेहुणा शेजारी उभा राहून त्यांना वाघाबद्दल आणखी प्रश्न विचारत होता, मुद्दाम.

मॅजिक किंगडमला पोचायला बारा वाजून गेले. हाँटेड मॅन्शन आणि स्पेस माउंटन, बस. बाकी ठरल्यासारखं झालं, स्कायलायनरमध्ये बायको बसल्या बसल्या झोपली आणि कॅरिबियन बीचला तिला उठवायला लागलं. आई-बाबा सात वाजता मागच्या दारात उभे होते, इस्त्रीचे कपडे घालून, आम्ही त्यांच्यापुढे दरोडा घालून आल्यासारखे. एपकॉटला सोअरिन झाली, आईलाही चालली, आणि फटाके नॉर्वेच्या बाजूने बघितले.

आता भांडण असं आहे. हॉलिवूड स्टुडिओजला आमची एकच राइड झाली, टॉय स्टोरी मेनिया. मेहुण्याचं म्हणणं, ती राइड नाही, गाडीत बसून दोरी ओढून पडद्यावर नेम मारणं म्हणजे जत्रेतले फुगे फोडणं, सबब पैज रद्द. मी म्हणतो गाडी हलते, मांडीवर दांडा येतो, रांग पन्नास मिनिटांची होती, म्हणजे राइड. (तिथे त्याचा स्कोअर लेकीपेक्षा कमी आला हे इथे नमूद करतो.)

तुम्हीच सांगा मंडळी, राइड की नाही?

शांतपणे_फिरा
राइडच. आणि बाबांना पुढच्या वेळी वाघापासून हलवू नका.

दमलेला_गडी
राइड. पण सरवणा भवनमध्ये रविवारी जाऊ नका, तिथली रांग स्लिंकी डॉगपेक्षा मोठी असते.