भरपाईची रक्कम वकिलाने काढली, हिशेब देत नाही. सनदेविरुद्ध (वकिलीच्या परवान्याविरुद्ध) तक्रार कशी करायची?

प्रश्न (बांधावरचा): भूसंपादनाची वाढीव भरपाई वकिलाने कोर्टातून उचलली, पक्षकाराला निम्मीच दिली. 'फी वळती केली' म्हणतात, फाइलही अडवून ठेवली आहे. बार कौन्सिलकडे (वकिलांच्या नियामक संस्थेकडे) तक्रार कशी करायची? पैसे मिळतील का?

रोजनामा: तक्रार अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली, ज्या राज्याची सनद त्या बार कौन्सिलकडे. महाराष्ट्र आणि गोव्याची एकच आहे. सनद नंबर बहुधा वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) सापडतो. कोऱ्या कागदावरचं पत्र चालत नाही. दाव्यासारखा अर्ज, खाली सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याचं लेखी कथन) लागतं. सोबत वकालतनामा, रक्कम काढण्याचा अर्ज, त्यावरचा आदेश आणि कोर्टाचा रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) यांच्या नकला, शिवाय बँकेचा उतारा.

आता 'फी वळती'चं. प्रकरण संपल्यावर ठरलेली फी हातातल्या रकमेतून वळती करायला बार कौन्सिलच्या नियमांत मुभा आहे. फी ठरलीच नसेल तर कोर्टाच्या नियमांनुसार जेवढी होते तेवढीच. भरपाईत टक्केवारी ठरवणं मात्र निषिद्ध, आणि मागितल्यावर हिशेबाची प्रत द्यावीच लागते. म्हणून आधी रजिस्टर्ड पोस्टाने लेखी हिशेब मागा. तक्रारीचा कणा तोच. 'वकिलाने फसवलं' एवढ्यावर ती टिकत नाही. तारीख आणि आकडा लिहा.

तिसरी_तारीख: फाइल फीसाठी अडवता येत नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००० सालीच ते सांगितलंय.

पैशांचं वेगळं. बार कौन्सिलची तीन सदस्यांची शिस्तपालन समिती ताकीद देते, सनद निलंबित करते किंवा वकिलांच्या यादीतून नाव कमी करते. वसुलीचा हुकूम तिच्या हातात नाही. त्यासाठी दिवाणी दावा, आणि तीन वर्षांची मुदत तक्रार चालू आहे म्हणून थांबत नाही. लोक इथेच फसतात. विश्वासघाताचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम ३१६) हा तिसरा रस्ता.

बांधावरचा: ग्राहक मंच? आणि मधेच पैसे मिळाले तर तक्रार मागे घेता येते?

रोजनामा: ग्राहक मंचाचं दार मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केलं. तडजोड झाली, एवढ्याच कारणावरून चौकशी सोडून देता येत नाही. वर्षभरात निकाल लागला नाही तर कलम ३६ब प्रमाणे प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. राज्याच्या समितीच्या आदेशावर अपीलही तिथेच, ६० दिवसांत.