लॅमिनेशन अजिबात नको!
ताई, आजोबांच्या ट्रंकेतले दिवाळी अंक लिलावात टाकण्याआधी लॅमिनेट करावेत का, असं विचारलंयत. कृपा करून नको! एकदा प्लास्टिक चढलं की ते निघत नाही आणि संग्राहक पाठ फिरवतात. सेलोटेपही नको. मी एका अंकाचं मुखपृष्ठ शिवणीपाशी तसं चिकटवलं होतं. पट्टी पिवळी पडून सुटली, डिंक कागदात मुरला, आणि तपकिरी पट्टा कायमचा राहिला. अजून हळहळ वाटते.

मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात चित्रकार दीनानाथ दलालांची सही आहे का बघा. त्यांच्या चित्रांसाठी अंक घेणारे बरेच आहेत. जाहिरातींची पानं फाडू नका, कित्येकांना तीच हवी असतात. फोटो दिवसाच्या उजेडात काढा. गंजलेल्या पिना, वाळवीची भोकं, गहाळ पानं स्पष्ट दाखवा.

आणि हो, ट्रंकेत हस्तलिखित पोथ्या असतील तर थांबा. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं, 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. परदेशातून कितीही मोठी बोली आली तरी खासगी व्यक्तीला ते बाहेर पाठवता येत नाही.